जनावरांचा डॉक्टर, खांद्यावर तीन तारे

तुमच्या ओळखीत कोणी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असेल, तर त्या मुलाला किंवा मुलीला लग्नकार्यात लोक पहिला प्रश्न काय विचारतात, हे तुम्ही ऐकलं असेल. "एमबीबीएसला नंबर लागला नाही का?" त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला. "मग पुढे काय, सरकारी दवाखाना की कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक?"

या दोन वाटांपलीकडे एक तिसरी वाट आहे, आणि तिची माहिती बऱ्याच घरांत पोहोचलेली नसते. भारतीय लष्करात पशुवैद्य अधिकारी असतात. ते थेट कॅप्टन म्हणून रुजू होतात, म्हणजे पहिल्या नेमणुकीलाच खांद्यावर तीन तारे. या विभागाचं नाव रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, सगळे त्याला आरव्हीसी म्हणतात.

मी रायपूरची. आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या इथे गेल्या. रायपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होतं, तेव्हा आजोबा नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. माझ्या ताईची मुलगी अंजोऱ्याला, दुर्गच्या पुढे राजनांदगावच्या रस्त्यावर असलेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. चौथ्या वर्षाला गेल्यावर तिने घरात सांगितलं, "मला आरव्हीसीसाठी प्रयत्न करायचाय." तेव्हापासून आमच्याकडे या एका विषयावर जितकी चर्चा झाली, तितकी तिच्या लग्नावरही झाली नसेल. त्या चर्चेतून जे हाती लागलं, ते तुमच्यासमोर ठेवते. तुमच्याही घरात कधी हा विषय निघू शकतो.

फौजेला जनावरं कशाला लागतात?

भाऊजींचा, म्हणजे भाचीच्या वडिलांचा पहिला प्रश्न हाच होता. आता रणगाडे आहेत, ड्रोन आहेत, मग घोडे-खेचरं कोणाला हवीत?

जनावरांशिवाय फौज ही कल्पना तशी नवीनच आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत रतनपूरवर चालून आले, तेव्हा छत्तीसगडात मराठी माणूस घोड्यावर बसूनच आला. घोड्यांच्या वैद्याला जुन्या काळी सालोत्री म्हणत. सालोत्री चांगला नसेल, तर घोडदळ लढाईआधीच निम्मं व्हायचं. पुढे इंग्रजांनी १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यकीय शाळा काढली. १४ डिसेंबर १९२० रोजी आर्मी व्हेटर्नरी कोअरची स्थापना झाली. आजची आरव्हीसी तीच, आणि १४ डिसेंबर हाच तिचा स्थापना दिवस. 'पशु सेवा अस्माकं धर्म' हे तिचं ब्रीदवाक्य. तिचं मुख्य केंद्र आणि महाविद्यालय मेरठ छावणीत आहे.

डोंगराळ सीमेवर रस्ता जिथे संपतो, तिथून पुढच्या चौक्यांवर रसद, औषधं आणि दारूगोळा वर्षानुवर्षं खेचरांच्या पाठीवरून गेला. पेडोंगी नावाच्या खेचराची गोष्ट फौजेत अजून सांगतात. १९७१ च्या युद्धात ते पाकिस्तानी सैनिकांच्या हाती लागलं. पाठीवर मशीनगन आणि दारूगोळा लादलेला असतानाच ते तिथून निसटलं आणि आपल्या तळावर परत आलं. दिल्लीत त्याचा सन्मान झाला, सर्वांत दीर्घ सेवा करणारं लष्करी खेचर म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. खेचरांच्या तुकड्या चालवते आर्मी सर्व्हिस कोअर. पण त्यांची पैदास, सुरुवातीचं प्रशिक्षण आणि उपचार आरव्हीसीकडे असतात.

भाऊजींच्या प्रश्नात तथ्य मात्र आहे. खेचरांचं बरंचसं काम आता ड्रोन आणि डोंगरात चालणारी खास वाहनं घेऊ लागली आहेत. कुत्र्यांचं काम मात्र वाढतंच आहे. सुरुंग शोधणं, स्फोटकं हुंगणं, माग काढणं, पहारा देणं, हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधणं, अशा प्रत्येक कामासाठी वेगळा श्वान आणि वेगळं प्रशिक्षण असतं. मेरठच्या केंद्रात हे प्रशिक्षण चालतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉईज यांच्याबरोबर आता देशी जातीही घेतल्या जातात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळ हाउंड २०१६ पासून मेरठला तयार होऊ लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने कोरोना हुंगून ओळखणारे श्वान लोकांसमोर आणले. त्यांत कॅस्पर हा कॉकर स्पॅनियल, तर जया आणि मणी हे तमिळनाडूचे चिप्पीपराई होते. घाम आणि लघवीच्या नमुन्यांवरून ते संसर्ग ओळखत. त्यामागे पशुवैद्यांचे कित्येक महिने गेले होते.

रोलोची गोष्ट

आमच्या घरातल्या चर्चेला वळण मिळालं ते एका बातमीमुळे. ती लष्कराची नव्हती, केंद्रीय राखीव पोलीस दलाची, म्हणजे सीआरपीएफची होती. पण ती छत्तीसगडची होती.

२०२५ च्या एप्रिलमध्ये छत्तीसगड आणि तेलंगणच्या सीमेवरच्या कर्रेगुट्टा डोंगरांत नक्षलविरोधी मोहीम सुरू होती. सीआरपीएफच्या २२८ व्या बटालियनची रोलो नावाची मॅलिनॉईज कुत्री तिथे स्फोटकं शोधत होती. ती अवघी दोन वर्षांची होती आणि बंगळुरूजवळच्या तरळू इथल्या श्वान प्रशिक्षण शाळेत तयार झाली होती. २७ एप्रिलला शोध चालू असताना मधमाश्यांचं मोहोळ उठलं. हँडलरने तिला पॉलिथिनच्या कापडाखाली झाकलं, पण माश्या आत शिरल्या आणि ती बिथरून बाहेर आली. सुमारे २०० दंश झाले. उपचारासाठी तिला तातडीने हलवलं, पण ती वाचली नाही. दलाच्या महासंचालकांनी तिला मरणोत्तर प्रशस्ती दिली.

भाची ती बातमी वाचून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, आम्हाला हे वर्गात शिकवलंय. दंशाची तीव्र ॲलर्जी आली की श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. हातात मिनिटं असतात. जंगलात त्या मिनिटांत डॉक्टर कुठून येणार? हँडलरच्या पिशवीत काय असावं आणि त्याने ते कसं द्यावं, हे आधी कोणीतरी बसून ठरवायला लागतं. ते काम मला करायचंय."

तिचं बोलणं ऐकून मला या नोकरीचा अर्थ कळला. शहरातल्या क्लिनिकमध्ये जनावर बरं झालं की मालकाबरोबर घरी जातं. लष्करातला पशुवैद्य बऱ्या झालेल्या जनावराला पुन्हा धोक्यात पाठवतो. 'ड्युटीसाठी फिट' या शब्दांखाली त्याची सही असते. त्या सहीवर भरवसा ठेवून कुत्रा पुढे जातो आणि कुत्र्याच्या मागून जवानांची रांग चालत जाते. ताप अंगात मुरलेला, गोचिडांमुळे रक्त कमी झालेला किंवा पंजा सोललेला श्वान हुंगण्यात चुकला, तर त्याची किंमत माणसं मोजतात. म्हणून 'आज हा जाणार नाही' असं वरिष्ठांना ठामपणे सांगण्याची तयारीही या डॉक्टरकडे लागते.

आणि प्रत्येक वेळी यश येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत झूम नावाच्या लष्करी श्वानाला दोन गोळ्या लागल्या. श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, देशभर लोक त्याच्यासाठी प्रार्थना करत होते. १३ ऑक्टोबरला तो गेला. त्याला वाचवण्यासाठी जे डॉक्टर राबले, त्यांना दुसऱ्या दिवशी पुढच्या जनावराकडे वळावंच लागलं असणार.

प्राण्यांची आवड असलेल्या मुलांना हे आधीच सांगायला हवं. आवड लागतेच. पण ज्या जिवाला जीव लावला, त्यालाच सीमेवर पाठवणं जमेल का, याचं उत्तर अर्ज भरण्याआधी स्वतःला द्यावं लागतं. थोडा दिलासा असा की, निवृत्त श्वानांच्या बाबतीत पूर्वीची कठोर पद्धत बदलली आहे. पूर्वी कामाला निरुपयोगी झालेल्या श्वानाला इंजेक्शन देऊन शांत केलं जाई. आता त्यांना मेरठमध्ये सांभाळलं जातं आणि चांगल्या घरांत दत्तकही दिलं जातं.

प्रवेशाची वाट

आता व्यवहाराकडे वळू. आधी बीव्हीएससी अँड एएच ही पदवी. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. बारावीला जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागतं. सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून नीटच्या गुणांवर भरल्या जातात. आपल्याकडे छत्तीसगडमध्ये अंजोऱ्याचं महाविद्यालय २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कामधेनू विद्यापीठाखाली येतं. महाराष्ट्रात मुंबईचं महाविद्यालय १८८६ पासून आहे, नागपूरचं १९५८ पासून.

पदवी हाती आली की आरव्हीसीच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी अर्ज करता येतो. वय २१ ते ३२. लेखी परीक्षा नसते. अर्जांची छाननी होते आणि निवडक उमेदवारांना एसएसबीच्या मुलाखतीला बोलावतात. लष्कराची ही निवड मंडळं भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू आणि जालंधर इथे आहेत. मुलाखत म्हटलं की आपल्याला टेबलापलीकडचे तीन साहेब आठवतात, पण हे प्रकरण पाच दिवसांचं असतं. पहिल्या दिवशी चाळणी. त्यात बरेच जण परतीच्या गाडीला लागतात. मग मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावर गटाने करायची कामं, प्रत्यक्ष मुलाखत आणि शेवटी सगळ्या परीक्षकांची बैठक. पुस्तकी ज्ञानापेक्षा माणूस म्हणून तुम्ही कसे आहात, हे तिथे पाहतात. त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी.

निवड झालेला उमेदवार कॅप्टन होतो. मूळ वेतन ६१,३०० रुपये, लष्करी सेवा वेतन १५,५०० रुपये आणि खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मूळ वेतनाच्या २० टक्के भत्ता. म्हणजे महागाई भत्ता आणि इतर सवलती सोडूनही ही रक्कम ८९,००० रुपयांच्या वर जाते.

पण जागा किती? अलीकडच्या जाहिरातींत पंधरा-वीसच्या आसपास, तेही संपूर्ण देशासाठी. म्हणून हीच एक वाट धरून बाकीची दारं बंद करू नका. पदव्युत्तर शिक्षण, राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची परीक्षा यांची तयारी बरोबरीने चालू ठेवा.

दहा वर्षांनंतर काय?

भाऊजी बँकेत होते, त्यामुळे आकड्यांवरून त्यांचं लक्ष हटत नाही. त्यांचा दुसरा प्रश्न सगळ्यात अवघड होता. शॉर्ट सर्व्हिस म्हणजे सुरुवातीला पाच वर्षं आणि मग आणखी पाच वर्षं वाढवण्याची सोय. कायम कमिशन मिळू शकतं, पण थोड्यांनाच. दहा वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. "पस्तिशीत पोरगी घरी बसेल," भाऊजी म्हणाले.

ही काळजी खोटी नाही. लष्करातल्या व्यवस्था बदलतात, हेही आपण पाहिलं आहे. जवानांना दूध पुरवण्यासाठी १८८९ मध्ये सुरू झालेले मिलिटरी फार्म २०२१ मध्ये बंद झाले. सव्वाशे वर्षांहून जुनी व्यवस्था संपली.

यावर भाचीने वडिलांना हिशेब मांडून दाखवला. दहा वर्षांनी हाती काय असेल? शस्त्रक्रियेचा अनुभव, श्वान आणि घोड्यांच्या आजारांची खोल माहिती, माणसं सांभाळण्याची सवय आणि साठवलेले पैसे. घोड्यांचे डॉक्टर आपल्याकडे मुळातच कमी. स्टड फार्म, रेसकोर्स, मोठ्या शहरांतली रुग्णालयं, लशी आणि औषधं बनवणाऱ्या कंपन्या यांना असा माणूस हवा असतो. शिवाय पशुवैद्याची पदवी कोणी काढून घेत नाही. रायपुरात परत येऊन स्वतःचं क्लिनिक टाकता येतंच.

ज्यांना कायम नोकरीच हवी, त्यांच्यासाठी निमलष्करी दलं आहेत. आयटीबीपी आणि बीएसएफसारख्या दलांत असिस्टंट कमांडंट दर्जाचे पशुवैद्यकीय अधिकारी घेतात. आयटीबीपीच्या जाहिरातींत वयाची मर्यादा ३५ पर्यंत असते. मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून. आयटीबीपीचे जवान नारायणपूर आणि राजनांदगाव भागांत आहेत, बीएसएफचे कांकेरमध्ये. म्हणजे आपल्याच राज्यात नेमणूक होऊ शकते. ही दलं दुर्गम गावांत जनावरांची शिबिरंही घेतात. जिथे सरकारी दवाखाना लांब असतो, तिथे आदिवासी शेतकऱ्याचा आजारी बैल तपासणारा पहिला डॉक्टर कधी कधी गणवेशातला असतो.

"मुलगी आहे ती"

हे वाक्य माझ्या आईचं, म्हणजे भाचीच्या आजीचं. आमच्या आईचं वय ८१. ती म्हणाली, "घोड्याची लाथ बसली तर? आणि तिकडे बर्फात कोण आहे आपलं?"

आरव्हीसीत आता पुरुषांबरोबर महिलांसाठीही जागा निघतात. त्या पुरुषांच्या मानाने थोड्या असतात, पण दार उघडलं आहे. पशुवैद्यकीय वर्गांत मुली मोठ्या संख्येने दिसतात आणि गायीच्या प्रसूतीत कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवताना तिथे कोणी मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. आईला हे सगळं सांगून फारसा उपयोग झाला नाही. तिला पटलं ते वेगळ्याच कारणाने. गल्लीतली एक गाय प्लॅस्टिक खाऊन फुगली होती. भाचीने आपल्या सरांना फोन करून बोलावलं आणि रात्रभर त्यांच्या हाताखाली उभी राहिली. गाय सकाळी उठली. आई तेव्हापासून विरोध करत नाही. होकारही देत नाही. एवढंच विचारते, "तिकडे जेवायला काय देतात?"

तुमच्या घरात हा विषय असेल तर

काही गोष्टी वेळेवर सुरू कराव्या लागतात. पहिल्या वर्षीच एनसीसीची चौकशी करा. एनसीसीत रिमाउंट अँड व्हेटर्नरी नावाचा वेगळा विभाग आहे आणि त्यात घोडेस्वारी शिकायला मिळते. घोड्याची भीती तिथेच जाते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शस्त्रक्रिया आणि औषधोपचाराच्या तासांना दांडी मारू नका. इंटर्नशिपमध्ये पोलिसांच्या श्वानपथकाजवळ किंवा घोड्यांच्या ठिकाणी काम करायची संधी शोधा. रोज पळा. दृष्टी, दात, वजन यांची तपासणी आधीच करून घ्या, कारण वैद्यकीय तपासणीत ऐन वेळी बाद होणारे बरेच असतात. रोज वर्तमानपत्र वाचा आणि चारचौघांत स्पष्ट बोलायची सवय लावा. जाहिरात लष्कराच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि रोजगार समाचारमध्ये पाहा. अलीकडे हे अर्ज टपालाने मागवले जातात, त्यामुळे मोबाइलवर दोन मिनिटांत भरू असं समजून शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. निवड करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आईवडिलांनाही एक सांगते. मूल जेव्हा म्हणतं, "मला फौजेत जनावरांचा डॉक्टर व्हायचंय", तेव्हा हसू नका आणि लगेच छाती फुगवून शेजाऱ्यांनाही सांगू नका. त्याच्याबरोबर बसा, पगार पाहा, दहा वर्षांनंतरचं पाहा, आणि रोलो-झूमच्या गोष्टी एकत्र वाचा. त्या वाचूनही मूल आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं, तर त्याला सकाळी पाचला पळायला उठवण्याचं काम तुमचं.

आमच्याकडे ते काम सध्या भाऊजी करतात. त्यांचा दहा वर्षांनंतरचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण गजर त्यांच्याच मोबाइलमध्ये लावलेला असतो.